कोरड्या प्रदेशात भूजल पुनर्भरणाचा अंदाज कसा काढावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या हाताशी विहिरींच्या नोंदी, पावसाचे आकडे आणि पाण्याचे थोडेफार नमुने आहेत आणि ज्यांना त्यांतून वर्षाला किती मिमी पाणी जमिनीखाली जाते हे काढायचे आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. सगळी उदाहरणे हिशेब समजावा म्हणून घेतली आहेत. आकडे आपल्या जागेचे घालावेत.

पुनर्भरण म्हणजे नेमके कोणते पाणी?

निम्मे वाद इथेच सुरू होतात. जमिनीत मुरलेले सगळे पाणी म्हणजे पुनर्भरण नव्हे. कोरड्या हवेत त्यातले बहुतेक वरच्या मीटर-दीड मीटरमधूनच परत उडून जाते. मुळांच्या आवाक्याखाली उतरलेले पाणी हे संभाव्य पुनर्भरण. ते पाणीपातळीला (भूजलाच्या वरच्या पृष्ठभागाला) जाऊन मिळाले की प्रत्यक्ष पुनर्भरण.

या दोहोंमध्ये काही तासांचे अंतर असू शकते किंवा काही शतकांचे. समजा पाणीपातळी ३० मीटर खोल आहे, पुनर्भरण वर्षाला १० मिमी आहे आणि मधल्या मातीत आकारमानाच्या १० टक्के ओलावा आहे. १० मिमीला ०.१० ने भागले की पाणी वर्षाला १०० मिमी, म्हणजे १० सेंमी खाली सरकते असे निघते. तळाशी पोचायला ३०० वर्षे. अशा ठिकाणी विहिरीच्या पाण्याचे रसायन आजच्या शेतीची गोष्ट सांगत नाही. म्हणून अहवालात आकड्याशेजारी तो संभाव्य आहे की प्रत्यक्ष, आणि कोणत्या काळाचा, हे लिहायलाच हवे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. पाऊस पडला तिथेच सरळ खाली उतरलेले पाणी विखुरलेले पुनर्भरण. ओढा, तळे, खोलगट जागा, खडकातल्या भेगा यांतून एकवटून उतरलेले ते केंद्रित पुनर्भरण. प्रदेश जितका कोरडा, तितका दुसऱ्याचा वाटा सहसा मोठा.

पावसाच्या ठरावीक टक्के धरले तर काय बिघडते?

सरासरी पावसाच्या आकड्यात पुनर्भरण दडलेले नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांतील मोठ्या क्षेत्रांचे पुनर्भरण वर्षाला ०.२ ते ३५ मिमी, म्हणजे पावसाच्या ०.१ ते ५ टक्के आढळले. टक्केवारीतच पन्नासपटीचा फरक आहे. त्यातला एक आकडा उचलून वापरणे म्हणजे अंदाज नव्हे, नेमबाजी. तीही डोळे मिटून.

शिवाय पुनर्भरण दरवर्षी सारखे होत नाही. टांझानियातील माकुटापोरा विहीरक्षेत्राच्या ५५ वर्षांच्या नोंदींत बहुतांश पुनर्भरण मोजक्या अतिपावसाच्या हंगामांत झालेले दिसते; १९९७-९८ चा एल निन्योचा हंगाम त्यांतला ठळक. मधली कितीतरी वर्षे जवळपास कोरडी. पाच वर्षांच्या नोंदींची सरासरी काढणाऱ्याला असा एक हंगाम सापडला तर आकडा फुगतो, निसटला तर शून्यावर येतो.

तिसरे कारण वनस्पती. ऑस्ट्रेलियाच्या मरे खोऱ्यात मूळची खोल मुळांची निलगिरीची झुडपे काढून उथळ मुळांची पिके घेतल्यावर, पूर्वी वर्षाला मिलिमीटरभरही नसलेले पुनर्भरण कित्येक पटींनी वाढले आणि मातीत साठलेले मीठ वाहून नदीकडे निघाले. नायजरच्या नैऋत्य भागात दुष्काळाच्या दशकांतही भूजलपातळी चढत गेली. रान तुटले, जमिनीवर कडक पापुद्रा आला, पाणी वाहू लागले, सखल डबक्यांत साचले आणि तिथून खाली उतरले. पाऊस कमी आणि पुनर्भरण जास्त! टक्केवारीचा गुणक हे कधीच सांगू शकला नसता.

पावसातून बाष्पीभवन आणि वाहते पाणी वजा केले की पुनर्भरणच उरते ना?

कागदावर उरते. पाऊस ४०० मिमी, बाष्पीभवन व बाष्पोत्सर्जन मिळून ३९०, वाहते पाणी नगण्य. उरले १० मिमी. आता पावसाच्या मोजणीत ५ टक्के चूक धरा, म्हणजे २० मिमी, आणि बाष्पीभवनात १० टक्के, म्हणजे ३९ मिमी. दोन्ही चुका स्वतंत्र असतील तर वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे: सुमारे ४४ मिमी. उत्तर आले १० अधिक-उणे ४४. हे उत्तर नव्हेच.

त्यात मासिक आकडे वापरले तर शेवटची आशाही जाते. महिन्याचे संभाव्य बाष्पीभवन जवळपास नेहमीच पावसाहून जास्त असते, त्यामुळे हिशेब शून्य दाखवतो. प्रत्यक्षात तीन दिवसांत पडलेल्या १२० मिमीने काम करून टाकलेले असते. ही पद्धत वापरायचीच असेल तर हिशेब रोजचा करावा आणि मातीची ओल धरून ठेवण्याची क्षमता त्यात घालावी.

विहिरीची पातळी चढली त्यावरून पुनर्भरण कसे काढायचे?

सूत्र छोटे आहे: पातळीतील वाढ गुणिले स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकाच्या आकारमानाचा जो हिस्सा पाणी गुरुत्वाने निथळून देतो तो. खरी मेहनत दोन्ही आकडे नीट मिळवण्यात आहे.

आधी वाढ. पावसाआधी पाणी १२.४० मीटर खोल होते, शिखराला ११.१५ मीटरवर आले. सरळ वजाबाकी १.२५ मीटर. पण पाऊस नसता तर पातळी तशीच राहिली असती का? नाही, ती उतरतच होती. कोरड्या दिवसांच्या नोंदींवरून उतार दिवसाला ०.५ सेंमी असेल आणि शिखर ४० दिवसांनी आले असेल, तर उताराची रेघ तेवढी पुढे ओढावी लागते: आणखी २० सेंमी. खरी वाढ १.४५ मीटर. उतार नेहमी सरळ रेषेत नसतो. पातळी उंच असताना तो जलद असतो, म्हणून पुढे ओढायची रेघ त्याच विहिरीच्या अनेक कोरड्या काळांवरून ठरवावी.

आता गुणाकार. स्पेसिफिक यील्ड ०.०२ धरले तर २९ मिमी. ०.०१ धरले तर १४.५ आणि ०.०३ धरले तर ४३.५. पातळी सेंटीमीटरपर्यंत मोजून पुढे हा आकडा पुस्तकातून उचलायचा, असे सर्रास चालते.

निरीक्षण विहीर उपशाची नसावी. मोठ्या व्यासाच्या वापरातल्या विहिरीत पंप बंद झाल्यावर पाणी भरत राहते आणि ती भरती पुनर्भरणासारखी दिसते. शेजारच्या विहिरींचा उपसा पावसात थांबला तरी हेच होते. पहिल्या सरीनंतर दोन दिवसांत पातळी वर आली तर आधी पंपांच्या नोंदी पाहाव्यात.

स्पेसिफिक यील्डचा विश्वासार्ह आकडा कुठून आणायचा?

ढोबळ कल्पना हवी असेल तर: चिकणमाती सुमारे २ टक्के, गाळमाती ८, बारीक वाळू २१, मध्यम व भरड वाळू २६-२७. कठीण खडकाच्या झिजलेल्या किंवा भेगाळ थरात तो सहसा १ ते ३ टक्के असतो, आणि खोलीनुसार बदलतो.

पंपिंग टेस्टमधून काढता येतो, पण चाचणी दोन-चार तासांची असेल तर निघणारा आकडा फार लहान येतो, कारण वरच्या थरातले पाणी सावकाश निथळते. दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ पंप चालवण्याची तयारी हवी.

आमच्या मते कठीण खडकात सगळ्यांत चांगली वाट म्हणजे कोरड्या हंगामाचा हिशेब. ४ चौरस किमीच्या क्षेत्रात पाऊस नसताना १,२०,००० घनमीटर निव्वळ उपसा झाला आणि सरासरी पातळी २ मीटर उतरली, तर रिकाम्या झालेल्या खडकाचे आकारमान ८० लाख घनमीटर. भागाकार ०.०१५. निव्वळ म्हणजे सिंचनातून परत मुरलेले पाणी वजा करून, आणि क्षेत्राबाहेर भूगर्भातून निघून गेलेले मिळवून. ही दुरुस्ती विसरली की आकडा एका बाजूला झुकतो. यात चाचणी-विहिरीच्या भोवतालच्या चार भेगांऐवजी सगळा परिसर मोजला जातो, हा मोठा फायदा.

पुनर्भरण नसतानाही पातळी का चढते?

कारणे बरीच आहेत. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने घटला तर बंदिस्त जलधरातल्या (अभेद्य थराखाली दाबात असलेल्या भूजलाच्या थरातल्या) विहिरीत पाणी १० सेंमीच्या आसपासपर्यंत चढू शकते. जोराच्या सरीने जमिनीचा वरचा थर संपृक्त झाला की खाली हवा कोंडते, दाबते आणि विहिरीतले पाणी काही तासांत वर ढकलते. दोन-तीन दिवसांत ते पुन्हा बसते. केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपच्या) बाहेरची मोकळी फट सिमेंटने बंद केलेली नसेल तर पावसाचे पाणी थेट त्या फटीतून उतरते. ही चूक ओळखायला सोपी आहे. पातळी पावसाबरोबरच, तासाभरात, उभी चढते आणि पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) एकदम खाली येते.

लॉगर बसवताना काय सांभाळावे?

लॉगर म्हणजे विहिरीत सोडलेले, दाब आपोआप नोंदत राहणारे यंत्र. दर तासाची नोंद पुरते. लॉगर बंद प्रकारचा असेल तर तो पाणी आणि हवा दोन्हींचा दाब मोजतो. जवळच हवेच्या दाबाचा दुसरा लॉगर ठेवून वजाबाकी करावीच लागते. दोन्हींची घड्याळे जुळलेली असावीत. तार ताणत नाही ना, हे पाहण्यासाठी महिन्याकाठी एकदा टेपने हाताने पातळी मोजून लॉगरच्या आकड्याशी ताडावी. फरक हळूहळू वाढत असेल तर सेन्सर सरकतो आहे. मोजण्याचा बिंदू म्हणून केसिंगच्या काठावर रंगाची खूण करावी. दोन माणसे काठाच्या दोन बाजूंनी मोजत राहिली म्हणून पाच सेंमीचे "पुनर्भरण" निघाल्याची उदाहरणे आहेत.

क्लोराइड पद्धत म्हणजे काय, आणि ती कोरड्या प्रदेशात इतकी का वापरतात?

कारण ती कोरडेपणावरच चालते. पाऊस आणि धूळ यांतून थोडे क्लोराइड जमिनीवर येते. पाणी उडून जाते, क्लोराइड उडत नाही, झाडेही ते फारसे घेत नाहीत. म्हणून उरलेल्या पाण्यात ते घट्ट होत जाते. जितके पुनर्भरण कमी, तितके क्लोराइड जास्त, म्हणजे जिथे इतर पद्धतींचा आकडा चुकीत बुडतो तिथे हिचा संकेत उलट ठळक होतो.

हिशेब: वार्षिक पाऊस गुणिले त्यातले क्लोराइड, भागिले भूजलातले क्लोराइड. ५०० मिमी पाऊस, धुळीसकट १ मिलिग्रॅम प्रति लिटर, भूजलात ५० मिलिग्रॅम. पुनर्भरण वर्षाला १० मिमी. क्षेत्रातून पाणी वाहून जात असेल तर त्याबरोबर गेलेले क्लोराइड आधी वजा करावे.

अंशातला (पावसातल्या क्लोराइडचा) तो १ आकडा फार महत्त्वाचा आहे. तो दुप्पट झाला की उत्तर दुप्पट. त्यासाठी वर्षभर, शक्य तर दोन-तीन वर्षे, उघड्या नरसाळ्याखाली बाटली ठेवून पाऊस आणि धूळ एकत्र गोळा करावी. बाटलीतले पाणी थोडे उडाले तर घाबरू नये. पाण्याचे उरलेले आकारमान आणि त्यातले क्लोराइड यांचा गुणाकार, म्हणजे वस्तुमान, तेवढेच राहते. उडू नये म्हणून तेलाचा थर टाकतात तो समस्थानिकांच्या (पाण्यातल्या हलक्या-जड अणूंच्या) नमुन्यासाठी. कोरड्या महिन्यांनंतर मोजक्या शुद्ध पाण्याने नरसाळे धुऊन ते पाणीही बाटलीत घ्यावे, नाहीतर धुळीचा हिस्सा हातचा जातो. पक्ष्याची विष्ठा पडलेला नमुना टाकून द्यावा; त्यात अमोनिया आणि फॉस्फेट चढलेले दिसतात. आणि हे नमुने सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने तपासू नयेत. पावसातले एखादे मिलिग्रॅम त्या पद्धतीच्या पकडीबाहेर असते. आयन क्रोमॅटोग्राफीच हवी.

पन्नास विहिरींचे क्लोराइड आहे. सरासरी घेऊ का?

साधी सरासरी घेऊ नये. पुनर्भरण क्लोराइडच्या व्यस्त प्रमाणात आहे, म्हणून हरात्मक सरासरी, म्हणजे व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त, लागते. दोनच विहिरी घेऊन पाहा: एकीत २०, दुसरीत २०० मिलिग्रॅम. वरच्याच पावसाने पहिलीचे पुनर्भरण २५ मिमी, दुसरीचे २.५, सरासरी १३.७५. क्लोराइडची साधी सरासरी ११० घेतली तर उत्तर येते ४.५ मिमी. हरात्मक सरासरी ३६.४ घेतली की पुन्हा १३.७५च्या जवळ पोचतो. तीनपटीची चूक निव्वळ अंकगणितात!

क्लोराइड पद्धत कुठे वापरू नये?

जिथे क्लोराइडचा दुसरा उगम आहे तिथे. पोटॅश खत म्हणून सर्रास वापरले जाणारे पोटॅशियम क्लोराइड वजनाने सुमारे ४७ टक्के क्लोराइडच असते. हेक्टरी १०० किलो टाकले की ४७ किलो क्लोराइड पडले. वरच्या उदाहरणातल्या पावसातून वर्षाला हेक्टरी येते ५ किलो. म्हणजे खताने हिशेब नऊपट बिघडवला. सांडपाणी, समुद्राचे पाणी, मिठाचे थर यांचेही तसेच. हे सगळे पुनर्भरण खरे आहे त्याहून कमी दाखवतात.

शंका असेल तर ब्रोमाइडही मोजावे. क्लोराइड-ब्रोमाइडचे वजनी गुणोत्तर समुद्राच्या पाण्यात सुमारे २९० असते. विरघळलेल्या खाणीच्या मिठाचे ते हजाराच्या वर जाते. नायट्रेट जास्त असेल तर खत किंवा सांडपाणी धरून चालावे. नमुना घेण्याआधी बोअरमधल्या साठ्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकावे, वाहकता स्थिर झाली की बाटली भरावी.

मातीचा उभा नमुना घेऊन काय वेगळे कळते?

पाणीपातळीपर्यंत न जाता, मुळांखालच्या ओलाव्यातले क्लोराइड कळते, आणि काळही. पाणी न वापरता ड्रिल करावे, नाहीतर मोजायचा ओलावाच बदलतो. दर २५ ते ५० सेंमीचा नमुना लगेच हवाबंद करावा, वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. वाळलेल्या मातीत तितक्याच वजनाचे शुद्ध पाणी घालून हलवावे आणि वरचे पाणी तपासावे. आलेला आकडा मूळ ओलाव्यावर परत न्यायला विसरू नये. ही पायरी राहिली की पुनर्भरण दहापटीने वाढलेले दिसते.

समजा १० मीटरपर्यंत आकारमानाच्या ८ टक्के ओलावा आणि त्या पाण्यात सरासरी १,००० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. चौरस मीटरखाली ८०० ग्रॅम साठले. आधीच्या उदाहरणातल्या पावसातून वर्षाला अर्धा ग्रॅम येते, म्हणजे हा साठा १,६०० वर्षांचा आणि पुनर्भरण वर्षाला अर्धा मिमी. साठा मुळांखाली एखाद्या फुगवट्यासारखा दिसला आणि त्याखाली क्लोराइड कमी झाले, तर हवामान किंवा वनस्पती बदलल्याची खूण असू शकते. अमेरिकेच्या नैऋत्येकडील काही वाळवंटी मैदानांत तर १० ते १५ हजार वर्षे पाणी मुळांच्या थराखाली गेलेलेच नाही, ओलावा उलट वर ओढला जातो आहे. तिथल्या साध्या जमिनीवरचे पुनर्भरण शून्य आहे, आणि हे उत्तर बिनदिक्कत लिहावे.

मात्र एक बोअर म्हणजे एक बिंदू. शंभर मीटरवरच्या ओढ्याखाली चित्र पूर्ण वेगळे असते.

ओढ्याच्या किंवा नदीच्या कोरड्या पात्रातून किती पाणी मुरते?

वरच्या आणि खालच्या ठिकाणी प्रवाह मोजून वजाबाकी करतात. वर ३.० आणि खाली २.७ घनमीटर प्रति सेकंद, प्रत्येकी ५ टक्के चूक, फरक ०.३ आणि त्यातली अनिश्चितता ०.२. दोन ठिकाणांमधले अंतर पुरेसे लांब घेतल्याशिवाय ही पद्धत हाती काही देत नाही.

तापमान त्यापेक्षा स्वस्त पडते. पात्रात एका पाइपवर १०, २० आणि ५० सेंमी खोल सेन्सर बसवावेत. दिवस-रात्रीची उष्णतेची लाट पाणी खाली मुरत असेल तर खोलवर पोचते, नसेल तर वरच विरते. पुरात वाळू खरवडली जाते किंवा नवी साचते आणि सेन्सरची खोली बदलते. म्हणून प्रत्येक पुरानंतर खोली पुन्हा मोजावी. पात्रात मुरलेले सगळे पाणी भूजलाला मिळाले असेही समजू नये. काठची झाडे आणि वाळूतला ओलावा आपला वाटा आधी घेतात.

ट्रिटियमचा आता उपयोग आहे का?

कमी झाला, संपला नाही. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे पावसातले ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, १९६३ मध्ये शिखरावर होते. त्याचे अर्धायुष्य १२.३२ वर्षे, तेव्हापासून पाच अर्धायुष्ये लोटली, म्हणजे सुमारे बत्तिसावा भाग उरला. दक्षिण गोलार्धात ते शिखर मुळातच ठेंगणे होते. खोल, जुन्या असायला हव्या अशा पाण्यात ट्रिटियम सापडले तर भेगांतून पाणी थेट उतरते आहे, इतके मात्र नक्की कळते. हजारो वर्षांच्या पाण्यासाठी ५,७३० वर्षे अर्धायुष्याचे कार्बन-१४ वापरतात. चुनखडीतला जुना कार्बन मिसळला की वय फुगते, दुरुस्ती हवीच.

स्वतः ब्रोमाइड टोचूनही मोजता येते. मुळांखाली १ मीटरवर टोचलेले ब्रोमाइड वर्षाने १.४५ मीटरवर सापडले, ओलावा १२ टक्के; ०.४५ गुणिले ०.१२, म्हणजे ५४ मिमी. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत हे भरवशाचे नाही, कारण खरे पाणी भेगेतून जाते आणि तुमचे ब्रोमाइड ढेकळात अडकून बसते.

उपग्रहावरून पुनर्भरण मिळेल?

ग्रेस उपग्रहांनी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातले बदल मोजले. २०१८ पासून त्यांचे काम ग्रेस-फॉलोऑन करतात. पण ते एकूण पाणीसाठ्यातला बदल दाखवतात: माती, तळी, भूजल सगळे मिळून. उपसा वजा झालेलाच असतो. विभेदनही (वेगळे ओळखता येणारे सर्वांत लहान क्षेत्र) लाखभर चौरस किमीच्या घरातले. एका तालुक्याएवढ्या क्षेत्रासाठी तो आकडा वापरू नये.

दोन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत. कोणते खरे?

बहुधा दोन्ही, वेगवेगळ्या प्रश्नांची. क्लोराइड ५ मिमी सांगते आणि विहिरीची पातळी ३० मिमी, तर आधी काळ पाहावा: क्लोराइड दशके-शतकांची सरासरी देते, विहीर त्या एका हंगामाची. मग जागा: विहीर ओढ्याकाठी आहे का? मग जमिनीचा वापर नुकता बदलला आहे का? तिन्ही तपासून फरक उरलाच, तर स्पेसिफिक यील्ड आणि पावसातले क्लोराइड या दोन आकड्यांवर संशय घ्यावा.

संगणकी प्रतिमान, म्हणजे भूजलाच्या हालचालीचे संगणकावरचे गणित, या भांडणात पंच म्हणून आणू नये. फक्त पाणीपातळ्या जुळवल्या असतील तर पुनर्भरण दुप्पट आणि पारगम्यता दुप्पट केली तरी त्या तशाच जुळतात. प्रवाह किंवा वय यांचे एक तरी स्वतंत्र मोजमाप दिल्याशिवाय त्याचे पुनर्भरण म्हणजे आपणच घातलेला आकडा परत आलेला असतो.

अहवालात पल्ला द्यावा, उदाहरणार्थ ५ ते १५ मिमी, आणि कोणत्या गृहीतामुळे तो इतका रुंद आहे तेही लिहावे. "१०.३७ मिमी" वाचले की जाणकार पान उलटतो.

पुनर्भरण कळले, तेवढेच पाणी दरवर्षी उपसायला हरकत नाही ना?

हरकत आहे. उपसा नव्हता तेव्हाही ते पाणी कुठेतरी जात होते: झऱ्यांना, ओढ्याच्या तळाला, काठच्या झाडांना. सगळे उपसले की हे सगळे आटते, आणि पुढच्या भरघोस हंगामापर्यंत दहा वर्षे लागली तर मधली तूट साठ्यातूनच जाते.